पाचव्या भागापासून पहिल्याकडे

माझा आजार सगळ्यात शेवटी मला कळला. आधी तो रहीमभाईंना कळला, मग बायकोला, मग चौकातल्या मेडिकलवाल्याला. मी खोकल्याच्या औषधाची सातवी बाटली न्यायला गेलो तेव्हा त्यानं ती देता देता हात मागं घेतला होता.

ते वर्ष होतं जिल्हा फुटण्याचं. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादचे एकाचे चार जिल्हे झाले आणि मी होतो रेकॉर्ड विभागात कारकून. कोणतं गाव कुठं गेलं ते पाहायचं, त्या गावच्या कागदांचे बस्ते फडताळातून उतरवायचे, झटकायचे आणि चार रंगांच्या चार फडक्यांत बांधायचे. कित्येक बस्ते निजामाच्या अमलातले. उघडले की नाकात तपकीर ओढल्यासारखं व्हायचं. त्यामुळं खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याचं बारसंही करून टाकलं: निजामाचा खोकला.

रहीमभाई म्हणजे आमच्याकडं जुनी उर्दू वाचू शकणारे एकटेच. ते एक दिवस चष्म्यावरून माझ्याकडं पाहत म्हणाले, "हजरत, मैं तीस बरस से यही धूल खा रा हूँ. मेरे को कुछ हुआ? ये खाँसी फाइल की नक्को समझो."

"तुमची छाती निजामाच्या वेळची," मी म्हणालो. "आमचा माल नंतरचा."

चार दिवसांनी रुमालावर लाल ठिपका दिसला. मी तो लाखेचा समजलो. आम्ही लखोट्यांवर लाख लावतो, उडाली असेल. दुसऱ्या दिवशी परत ठिपका. त्या दिवशी मी लाख लावलीच नव्हती.

निदानाचा दिवस

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला, थुंकीचा अहवाल पाहिला आणि सांगितलं, "टीबी आहे. बरा होतो."

मला पहिलं वाक्य ऐकू आलं, दुसरं नाही. आणि तोंडातून निघालं काय, तर, "मॅडम, हे लेखी मिळेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, सहा महिने गोळ्या. मधेच सोडल्या तर हा आजार शहाणा होतो. परत येतो तेव्हा या गोळ्यांना जुमानत नाही. आणि तो शहाणा झालेला आजार आधी घरच्यांना धरतो. घरात कोण कोण आहे?"

"बायको आणि मुलगी. मुलगी इंटरला आहे, बारावीचं वर्ष."

हे बोलताना मला आमचं जेवणाचं टेबल दिसलं. एका बाजूला मी पेपर वाचत खोकतोय, समोर चिनू भौतिकशास्त्र करतेय. दोन महिने रोज. खिडकीही बंद, कारण माझ्या निजामाच्या खोकल्याला वारा सहन होत नव्हता.

नंदाची आणि चिनूची तपासणी झाली. निकालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही, निम्मं अजून बाकी आहे. दोघींच्याही छात्या स्वच्छ निघाल्या. नंदानं निकालाचा कागद घडी घालून देवळीत ठेवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासली.

खिडकी

पहिले काही आठवडे मला पुढच्या खोलीत ठेवलं. खोलीला ओसरीकडं उघडणारी मोठी खिडकी. खिडकीतून ताट, खिडकीतून चहा, खिडकीतून बोलणं. नंदानं गल्लीत टायफॉइड सांगितला होता. चिनूला ते पटलं नाही. "टीबी म्हणायला लाज काऊन वाटते, आई? बाबांनी का चोरी केली?" नंदा म्हणाली, "तुला गल्लीत राहायचं नाई. मला राहायचं हाय." दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि दोघींची बाजू मला खिडकीतून पटत होती.

गोळ्या द्यायला होत्या राजेश्वरीअक्का. आमच्या भागातल्या आरोग्य कार्यकर्त्या, तेलुगू घरच्या, पण मराठी बोलायची हौस दांडगी. माझ्या नावाचा एक खोका त्यांच्याकडं आला, सगळ्या कोर्सच्या गोळ्या त्यातच. आठवड्यातून तीन दिवस मी त्यांच्यासमोर गिळायच्या आणि त्यांनी कार्डावर टिक मारायची. पहिल्याच दिवशी लघवी लालभडक झाली. मी नंदाला खिडकीशी बोलावून विम्याचे कागद कुठं आहेत ते सांगितलं, पी.एफ.चा नंबर सांगितला, चिनूला हैदराबादला शिकव म्हणून सांगितलं. नंदा पळत अक्काकडं गेली. अक्का हसत हसत आल्या. "अय्यो सार! गोळीचा रंग हाय तो. मी सांगून राह्यली होती, तुमी ऐकलं नाई. तुमी खोका वाचत होते."

खरं होतं. मी खोक्यावरचं माझं नाव बरोबर लिहिलंय का ते तपासत होतो.

आरशांची पुस्तकं

आता पुस्तकांचं सांगतो.

चिनूला नागपूरच्या मामानं एक इंग्रजी मालिका दिली होती. पाच भाग. तिच्या वयाच्या पोरापोरींसाठी लिहिलेली, पुढच्या काळातल्या बिघडलेल्या जगाची. आमच्या घरात त्यांना आरशांची पुस्तकं म्हणत. इंटरचा अभ्यास आहे म्हणून मीच ती जप्त केली होती. एक वाचून झालं की काढून घ्यायचं, आणि वर माझं भाषण: "ह्या खोट्या जगाचा पेपर येणार हाय का?" पाचही जमली तेव्हा दफ्तरातल्या सवयीनं फडक्यात बांधून, गाठ मारून, माळ्यावर टाकली.

खोलीत दहा दिवस पडून राहिल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं, त्यातले उपवासही पाठ केले. शेवटी खिडकीशी तोंड नेऊन म्हणालो, "चिनू, ते तुझं गाठोडं काढ बरं."

ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की मला जप्तीची सगळी भाषणं आठवली. मग माळ्यावर चढली. गाठोडं खिडकीत ठेवून गेली.

माझं इंग्रजी म्हणजे सरकारी पत्रांचं. 'वरील विषयास अनुसरून' याच्या पुढं फारसं गेलेलं नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो. पहिली वीस पानं मला काहीच कळेना. लोक एकमेकांना ओळखत होते, रडत होते, जुन्या गोष्टी काढत होते. मी म्हटलं, आजकालच्या लेखकांची हीच पद्धत असेल, वाचकाला अंधारात ठेवायचं. नेटानं पुढं गेलो. आणि मग रमलो. असा रमलो की चहा खिडकीत निवत होता.

ते जग असं: आकाश कायमचं धुरकटलेलं. डोंगरांवर प्रचंड आरसे बसवून वस्त्यांवर ऊन पाडतात, आणि कोणत्या वस्तीला किती ऊन ते एका कचेरीतल्या यादीवर ठरतं. नव्यानं यादी केली की काही वस्त्या गळतात. सेफा नावाची पोरगी आरसे पुसायच्या कामावर असते आणि तिची वस्ती यादीतून गळते. आता खरं सांगायचं तर माझा जीव पहिल्यांदा त्या यादीवाल्या कारकुनात गुंतला. बिचारा वस्त्यांची चार-चार गठ्ठ्यांत वाटणी करत होता. मीही तेच करत होतो, फक्त माझ्या यादीनं कुणाचं ऊन जात नव्हतं. फार तर एखाद्या म्हाताऱ्याला जमिनीच्या पहाणीच्या नकलेसाठी आता दुसऱ्या गावाची बस धरावी लागत होती. तेवढंही कमी नाही, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा जाणवलं.

चिनू ओसरीत येऊन बसली एक दिवस. "बाबा, कुठवर आलं?"

"पहिला भाग संपला! काय लिहिलंय! सेफा त्या मोठ्या आरशापाशी पोचते, तो फिरवते आणि सगळ्या वस्त्यांवर एकदम ऊन पडतं. डोळ्यात पाणी आलं गं. आता चार भाग उरले, त्यात काय सांगणार हा लेखक?"

 चिनू हळूच म्हणाली, "बाबा, हे पाचव्यात हाय."

"काय?"

"तुमी शेवटचा भाग आधी वाचला. काऊन?"

"वर होता म्हणून."

ती ओसरीवर बसल्या जागी आडवी झाली हसून. आजार निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. चूक माझ्या हाडात मुरलेली आहे हो. आमच्या मिसलीत, म्हणजे बांधलेल्या फाइलीत, ताजा कागद वर लागतो. साहेबापुढं फाइल गेली की वरचा कागद आधी वाचायचा, मग मागं मागं जायचं. आयुष्यभर मी जगाकडं तसंच पाहत आलो. पुस्तकाच्या पाठीवर आकडा बघायचा असतो हे कोणत्या नियमात लिहिलंय?

"आता तरी पहिला घ्या," चिनू म्हणाली.

"छे. मिसल वरून उघडली की वरूनच खाली जायची."

आणि मी तशीच वाचली. मला वाटतं, आजारी माणसानं मालिका वाचायची तर अशीच वाचावी. पाचव्यात सेफाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती कशी गेली ते मला एक भाग मागं गेल्यावर कळलं. ओडा नावाची एक म्हातारी, सेफाला काम शिकवणारी, जिभेनं तिखट. पाचव्यात तिची नुसती समाधी, चौथ्यात तिच्यासाठी रडारड. जसजसा मी वाचत गेलो तसतशी मेलेली माणसं उठून बसायला लागली. बाहेर लोक पुढं पुढं चालले होते, नवे जिल्हे, नवे साहेब, नव्या पाट्या. मी खोलीत एकटा मागं मागं चाललो होतो आणि तिथं सगळे बरे होत होते.

कागद चोख

दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. मी कामावर रुजू झालो. आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते लिहितो.

आता आठवड्याची पहिली गोळी अक्कांसमोर, बाकीच्या घरी घ्यायच्या. पुढच्या आठवड्यात रिकामी पट्टी परत करायची, ती पाहून अक्का टिक मारणार. एक दिवस बस्त्यांचा ट्रक नव्या जिल्ह्याला न्यायचा होता. सोबत मी. गोळी घेतली की मला सकाळभर मळमळायचं. वाटेतल्या इचोड्यापर्यंतही पोचणार नाही म्हणून त्या दिवशी घेतली नाही. काही झालं नाही. उलट ढाब्यावर पोटभर जेवलो. दुसऱ्या वेळी म्हटलं, आजही जरा बरं वाटू दे. वजन वाढलं होतं, खोकला गेला होता. आमच्याकडं ज्या फाइलचा निकाल लागला तिच्यावर शेरा मारतात, दाखल दफ्तर. म्हणजे बांधा आणि फडताळात टाका. मी माझ्या आजारावर मनातल्या मनात तो शेरा मारून टाकला.

पण पट्टी तर रिकामी जायला पाहिजे. कारकून आहे मी. गोळ्या पट्टीतून काढायचो आणि एका जुन्या लखोट्यात टाकायचो. आणि सवय बघा, लखोट्यावर लिहिलं: 'विषय: गोळ्या (शिल्लक)'. तो लखोटा आरशांच्या पुस्तकांच्या फडक्यात ठेवला. पाच आठवडे. माझं कार्ड त्या काळात जिल्ह्यातल्या कुठल्याही कागदापेक्षा चोख होतं.

"सार, तुमी माझे नंबर वन पेशंट," अक्का एका सकाळी टिक मारत म्हणाल्या. "मी बाकीच्यांना तुमचं कार्ड दाखवते."

त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या भागात ओडा मेली. मला आधीच ठाऊक होतं की ती मरते, तरी हात थांबला. एक आरसा निखळून तिच्या अंगावर आला. त्याचे बोल्ट सैल होते. आणि आरसे तपासणाऱ्या कारकुनानं कचेरीच्या वहीत त्या आरशापुढं लिहिलं होतं, 'तपासले'. कुणी तपासलेच नव्हते.

परीक्षा आठ दिवसांवर आली होती. चिनूनं तिची पुस्तकं परत आमच्या टेबलावर आणली होती, माझ्यासमोर, पहिल्यासारखी. ती अभ्यासातून दहा मिनिटं सुट्टी घ्यायची आणि आम्ही आरशांचं बोलायचो.

"मेली ना ओडा?" तिनं विचारलं. "मी तिथं दोन दिवस जेवली नव्हती."

मी हट्टानं कारकुनाची बाजू घेतली. "अगं, रोज शंभर आरसे. कुठं कुठं चढून पाहणार तो? लिहिलं असंल. कोण नाई लिहीत?"

"खोटं लिहिलं त्याचा मला राग नाई येत, बाबा," ती पेनचं टोपण लावत म्हणाली. "त्याची वही पाहून सगळे बिनघोर झाले, त्याचा येते. ओडा बिनघोर होऊन खाली उभी राह्यली."

ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. मागची खिडकी बंद होती. माझं कार्ड पाहूनच बंद झाली होती ती.

मी उठलो, फडकं सोडलं आणि लखोटा टेबलावर ठेवला. चिनूनं त्यावरचा विषय वाचला आणि तिला हसू आलं. मग तिनं लखोटा उघडला आणि हसू गेलं.

"किती दिवसांच्या?"

"पाच आठवड्यांच्या."

ती रडली नाही, ओरडली नाही. उठून उभी राहिली, खुर्ची मागं ओढली, आणि म्हणाली, "आई."

नंदा आली. तिनं लखोटा पाहिला, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल, मी खांदे आवळून बसलो.  तिनं टेबलामागची खिडकी उघडली. मग स्वयंपाकघरातली. मग आतल्या खोलीतली. घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून सताड उघडल्या, दोन दारंही उघडली. मग पायात चपला घालून म्हणाली, "चला."

अक्कांनी माझं कार्ड पेटीतून काढलं आणि त्यावरच्या खुणांवरून एकेक करून बोट फिरवलं. "ही माझी टिक हाय, सार," एवढंच म्हणाल्या. "माझी टिक खोटी केली तुमी."

मला आजवर मेमो मिळाले आहेत. तेवढा एकही लागला नाही.

थांबणं

थुंकी पुन्हा तपासली. आजार गोळ्यांना अजून जुमानतो का ते पाहायला नमुना मोठ्या शहरात गेला. निकालाला बरेच आठवडे लागतील म्हणाले. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, आणि या वेळी सहा नाही, आठ महिने. चिनूचं टेबल ओसरीत गेलं. मार्चच्या उन्हात डोक्याला ओढणी बांधून तिनं परीक्षेचा अभ्यास केला आणि मी आतून पाहिला. त्यापेक्षा तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा मी खिडकीतून म्हणालो, "चिनू, रागावली का गं?"

"पेपर झाल्यावर रागावते," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "आता टाइम नाई."

गोळ्या आता नंदाच्या ताब्यात. मी गिळली की ती समोर उभी. "आ करा." मी आ करायचो. "जीभ वर घ्या." मी घ्यायचो. पन्नाशीला आलेला माणूस, ज्याच्या सहीशिवाय बस्ता हलत नाही, तो स्वयंपाकघरात दर गोळीला जीभ वर करून दाखवतोय. मळमळ होतीच. नंदानं एक शोध लावला: गोळीनंतर भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या, थोड्या थोड्या. हे कोणत्याही कागदात नाही, पण मला चाललं. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

त्या दिवसांत मी दुसरा भाग वाचला. त्यात ओडा जिवंत होती. खोकत होती, सेफाच्या खोड्या काढत होती, फडकं कसं पिळायचं ते शिकवत होती. आणि तो वहीवाला कारकूनही होता, तरुण, नवा नवा, प्रत्येक आरशावर स्वतः चढून बोल्ट हलवून पाहणारा. मी ते पान खूप वेळ उघडं ठेवलं. इतका चांगला होता तो. पुढं कधी कंटाळला ते लेखकानं कुठं सांगितलेलं नाही. मी सांगू शकलो असतो: ज्या दिवशी न चढता लिहिलं आणि काही झालं नाही, त्या दिवशी.

निकाल आला तेव्हा मे उतरला होता. आजार शहाणा झाला नव्हता. गोळ्या चालत होत्या. दोघींच्या छात्याही परत तपासल्या, स्वच्छ. चिनू पासही झाली. अक्कांनी निकाल वाचला आणि कार्ड पुढं केलं. "आता टिक मी नाई मारत. तुमची मिसेस मारंल."

चिनू खरोखर पेपर झाल्यावर रागावली. सविस्तर रागावली. मग ओसरीतून टेबल आत आणताना म्हणाली, "खिडक्या मात्र उघड्याच राहतील." पावसाळाभर राहिल्या. पडदे भिजले, कॅलेंडर गळून पडलं. हिवाळा आला तरी राहिल्या. आमच्याकडचा गारठा ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको.

पहिलं पान

पहिला भाग मी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवला होता. शेवटच्या गोळीच्या सकाळी त्याच्या सुरुवातीची पानं उरली होती, म्हणजे माझ्या हिशोबानं शेवटची. हो, त्या भागातही मी प्रकरणं मागून वाचली. चिनूनं कपाळाला हात लावला.

पहिल्या पानावर सेफा पंधरा वर्षांची आहे. दहाही बोटं शाबूत. पहाटेच्या थंडीत ती फडकं पिळते आणि आयुष्यातला पहिला आरसा पुसायला घेते. तिला काही ठाऊक नाही. मला सगळं ठाऊक. दोन बोटं जाणार, ओडा जाणार, आणि एक दिवस ती मोठा आरसा फिरवणार. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पुस पोरी, तू पोचतेस.

तुमच्या हातात आज पहिली गोळी असेल, किंवा डॉक्टरांचं पहिलं वाक्य कानात आणि दुसरं ऐकूच न आलेलं. मी पुढची पानं पाहून आलोय. तुमचीही तशीच असतील असं मी लिहून देऊ शकत नाही, मी लिहून दिलेल्याची किंमत काय ते तुम्ही वाचलंतच. एवढंच म्हणतो की टिक नंतर, गोळी आधी. आणि सोडाविशी वाटली, कधी तरी वाटेलच, तर लखोट्यात ठेवू नका. घरात कुणाला तरी सांगा.

मी पुस्तक मिटलं. नंदानं पाणी दिलं. गोळी गेली.

"आ करा."

मी आ केला.

"जीभ."

जीभ वर केली. तिनं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग कार्डावर टिक मारली, पेन ठेवलं, आणि उठून टेबलामागची खिडकी लावून घेतली.

"लई थंडी हाय," ती म्हणाली.

चिनू समोर बसून वाचत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण खुर्ची पुढं ओढली.